भुतांना तिकीट, बेकरला माफी

आपल्याकडं एखाद्या लॉजमध्ये भूत आहे अशी नुसती कुजबूज उठली, तरी मालक सत्यनारायण घालतो, खोलीचा नंबर बदलतो आणि विचारणाऱ्याला दम देतो. अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्यातल्या क्रेसेंट हॉटेलनं नेमकं उलटं केलं. ‘अमेरिकेतलं सर्वांत झपाटलेलं हॉटेल’ अशी जाहिरात त्यांनी स्वतःच केली आणि भुतांना तिकीट लावलं. रोज रात्री टूर निघते. गाईड वरच्या मजल्यावरून सुरुवात करतो आणि माणसांचा घोळका फिरवत फिरवत तळघरातल्या शवागारात आणून सोडतो. ज्या खोल्यांत म्हणे काही दिसतं, त्या खोल्या लोक आधीपासून राखून ठेवतात.

हे हॉटेल युरेका स्प्रिंग्ज नावाच्या डोंगरातल्या गावात आहे. तिथून तासाभराच्या अंतरावर बेंटनव्हिल. वॉलमार्टचं मुख्यालय तिथं असल्यामुळं भारतीय घरं बरीच, आणि त्यांत मराठीही. माझे लेक-जावई त्यातलेच. मी राहायला गेले की लेक मला कुठं कुठं हिंडवते. या खेपेला नातीनं भुतांचा हट्ट धरला. मी मिरजेची. आयुष्य औषधांच्या दुकानात गेलं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. स्टेशनवर उतरलेल्या माणसाच्या काखेत एक्स-रेचं पाकीट दिसलं की रिक्षावाला न विचारता हॉस्पिटलचं नाव घेतो. त्यामुळं भुतांपेक्षा मला या हॉटेलच्या इतिहासातलं एक पान जास्त खुणावत होतं. ही इमारत दोनेक वर्षं कॅन्सरचं हॉस्पिटल होती, आणि ते चालवणारा माणूस डॉक्टर नव्हता.

आधी गावाविषयी, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. युरेका स्प्रिंग्ज १८७९मध्ये वसलं ते झऱ्यांच्या पाण्यावर. या पाण्यानं डोळे सुधारतात, जखमा भरतात, संधिवात जातो, अशी ख्याती पसरली आणि ओझार्क डोंगररांगांतल्या या आडबाजूला रोग्यांची रीघ लागली. चार वर्षांत रेल्वे आली. मग राज्याचे माजी गव्हर्नर पॉवेल क्लेटन यांच्या पुढाकारानं गावाच्या डोक्यावर, टेकडीवर, चुनखडीच्या दगडांचं हे हॉटेल उभं राहिलं. भिंती दीड फूट जाडीच्या. मे १८८६मध्ये थाटात उद्घाटन झालं. श्रीमंतांनी यायचं, झऱ्यांचं पाणी घ्यायचं, संध्याकाळी नाच-गाणं करायचं, असा बेत होता. पुढं रोगजंतूंचं शास्त्र रुजलं, लोक दवाखान्यांकडं वळले, पाण्याची मातब्बरी उतरली आणि हॉटेलचं गिऱ्हाईकही. १९०८पासून इमारतीत मुलींचं कॉलेज भरू लागलं. उन्हाळ्यात तेवढं हॉटेल. मंदीत तेही बंद पडलं. १९३७मध्ये इमारत रिकामी होती आणि गाव पडझडीला लागलं होतं. अशा वेळी जांभळ्या पोशाखातला एक श्रीमंत माणूस आला आणि म्हणाला, मी इथं हॉस्पिटल काढतो.

त्याच्याकडं येतेच. टूरही त्याच्यापर्यंत सावकाशच पोचते.

आम्ही गेलो तेव्हा घोळक्यात नवविवाहित जोडपी होती, कॉलेजातली पोरं होती, आणि काळे कपडे घालून तयारीनं आलेल्या दोन मध्यमवयीन बायका होत्या. गाईड जुन्या पद्धतीचा कोट घातलेला, आवाज कमावलेला. आमच्याकडच्या उत्तम कीर्तनकारासारखं त्याला ठाऊक होतं, कुठं थांबायचं आणि कुठं आवाज खाली आणायचा. चौथ्या मजल्याच्या सज्जातून दरीपलीकडच्या डोंगरावरचा ख्रिस्ताचा पांढरा पुतळा दिसतो. सुमारे वीस मीटर उंच, रात्री दिव्यांत उजळलेला. भुतांच्या गोष्टी ऐकायच्या आणि समोर हात पसरलेला देव. या योजनेचं मला कौतुक वाटलं.

मग गोष्टी सुरू झाल्या. खोली नंबर २१८ म्हणजे मायकलची. हा आयरिश गवंडी, हॉटेल बांधताना वरून पडला आणि जिथं पडला तिथं आता ही खोली आहे. तो दारं आपटतो, टीव्ही चालू-बंद करतो. खोली नंबर ४१९ थिओडोराची. ती कॅन्सरची पेशंट. दाराशी किल्ल्या चाचपडत उभी असते, स्वतःची ओळख करून देते आणि दिसेनाशी होते. खोलीतल्या पाहुण्यांनी भांडण केलं तर त्यांचं सामान आवरून ठेवते म्हणे. (माझी लेक पुटपुटली, “आई, हिला आमच्याकडं पाठव.”) तिसऱ्या मजल्यावर मध्यरात्रीच्या सुमारास पांढऱ्या कपड्यातली नर्स स्ट्रेचर ढकलत जाते, चाकांची करकर ऐकू येते. कॉलेजच्या काळातली एक मुलगी सज्जातून पडली, तिचंही कुणाकुणाला दर्शन होतं.

नातीनं माझा हात घट्ट धरला होता. “आज्जी, तू घाबरलीस तर मला सांग हं.”

“सांगते. पण जरा बोटं सैल सोड, मुंग्या आल्यात.”

भुताच्या टूरमध्ये आता यंत्रंही असतात. विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारं हातातलं यंत्र, त्यावर पाच दिवे. भूत जवळ आलं की दिवे पेटतात, असा समज. आमच्या शेजारी एकाच्या हातात ते होतं आणि ४१९च्या दाराशी त्याचे दोन दिवे लागले, तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखला. जावई काही बोलले नाहीत. पुढच्या वळणावर त्यांनी खिशातला मोबाइल त्या यंत्राजवळ नेला. पाचही दिवे लागले. हे यंत्र मुळात वायरिंग तपासायला वापरतात. जुनी इमारत, भिंतींतून नेलेल्या वायरी, लिफ्ट आणि तीस माणसांच्या खिशांत तीस मोबाइल. दिवे पेटले नसते तरच नवल. फोटोत दिसणाऱ्या गोल गोल प्रकाशाच्या ठिपक्यांचंही तेच. फ्लॅश भिंगाच्या अगदी पुढ्यात आलेल्या धुळीच्या कणावर पडतो, कण फोकसच्या बाहेर असतो, म्हणून तो फुगून चेंडूएवढा दिसतो. गालिचे घातलेल्या जुन्या हॉटेलात तीस माणसं चालली की आत्मे भरपूर उडतात.

पण मग माणसांना खरोखर काही जाणवतं, त्याचं काय? अंगावर काटा येतो, पाठीमागं कुणी उभं आहे असं वाटतं. ही माणसं खोटं बोलत नसतात. यावर अभ्यास झालेले आहेत. १९९७मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी इलिनॉयमधल्या एका जुन्या, बंद नाट्यगृहात माणसांचे दोन गट फिरवले. एका गटाला सांगितलं, इथं भुताटकी आहे. दुसऱ्याला सांगितलं, इथं डागडुजी चाललीय. जागा तीच. पहिल्या गटाला चित्रविचित्र अनुभव कितीतरी जास्त आले. ब्रिटनमध्ये रिचर्ड वाइझमन या मानसशास्त्रज्ञानं हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आणि एडिंबरोच्या तळघरांत असाच शोध घेतला. ज्या ठिकाणी लोकांना विचित्र वाटायचं, त्या जागांचा उजेड, आकार, उंची यांच्याशी त्या वाटण्याचा संबंध सापडला. कोव्हेंट्रीच्या विक टँडी या इंजिनिअरला प्रयोगशाळेत डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसायची, घाम फुटायचा. त्यानं शोध घेतला तेव्हा नव्या पंख्यामुळं खोलीत सुमारे १९ हर्ट्झची, कानाला ऐकू न येणारी ध्वनिलहर निघत होती. १९९८मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं. प्रत्येक भुताटकीला हा खुलासा लागू पडत नाही, पण शरीराला जे कळतं ते सगळं मनाला कळत नाही, एवढं त्यातून दिसतं.

या टूरमध्ये अधूनमधून कुणालातरी भोवळ येते, तिसऱ्या मजल्यावर विशेष, असं गाईडनं सांगितलं आणि घोळका त्या जागी अधिकच दाटीनं उभा राहिला. मी लेकीला हळूच म्हटलं, गुडघे ताठ करून उभी राहू नकोस. अरुंद बोळ, गर्दी, उकाडा, जेवण घाईचं झालेलं, बराच वेळ एका जागी ताठ उभं राहणं आणि त्यात भीती. रक्त पायांत साचतं, मेंदूकडं कमी जातं, माणूस खाली बसतो. आमच्याकडं शाळेत पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला दरवर्षी दोन-तीन पोरं अशीच पडतात. त्यांना कुणी झपाटलं म्हणत नाही.

इथवर टूर म्हणजे मजा होती. पायऱ्या उतरून तळघराकडं निघालो आणि गाईडनं नॉर्मन बेकरचं नाव घेतलं.

बेकरचा जन्म १८८२चा, आयोवा राज्यातल्या मस्कटिन गावचा. वैद्यकीय शिक्षण शून्य. तरुणपणी तो मनकवडेपणाचे खेळ घेऊन रंगभूमीवर फिरायचा. मग हवेवर वाजणारं एक वाद्य त्यानं तयार केलं, ते सर्कशी-जत्रांना विकून पैसा केला. स्वतःला चित्रं काढता येत नसताना टपालानं चित्रकला शिकवण्याची शाळा काढली, तीही चालली. १९२५मध्ये त्यानं स्वतःचं रेडिओ स्टेशन सुरू केलं. त्यावरून तो रोज बोलायचा: डॉक्टर लुटारू आहेत, लशी घातक आहेत, ॲल्युमिनियमच्या भांड्यांत शिजवलेलं अन्न विष आहे. शेतकरी आणि कामगार हा त्याचा श्रोता. बँका, बड्या कंपन्या, शहरी डॉक्टर यांच्यावर आधीच चिडलेला. बेकर त्यांच्या भाषेत बोलत होता.

मग त्यानं कॅन्सरचा इलाज जाहीर केला. मस्कटिनमध्ये हॉस्पिटल उघडलं, हजारोंच्या गर्दीसमोर रोगी उभे करून बरे झाल्याचं दाखवलं. औषध काय होतं, ते नंतर उघड झालं: ग्लिसरीन, कार्बोलिक ॲसिड, अल्कोहोल, आणि त्यात कलिंगडाच्या बिया, मक्याच्या कणसाचे केस नि क्लोव्हर नावाच्या चाऱ्याच्या पाल्याचा काढा.

ही यादी ऐकून आमच्या घोळक्यात हशा पिकला. मला हसू आलं नाही. कलिंगडाच्या बियांनी कुणाचं वाईट होत नाही, पण कार्बोलिक मी हाताळलंय. जुन्या दुकानात ते काचेच्या बुचाच्या बाटलीत, वेगळ्या फळीवर ठेवायचं. कातडीवर पडलं तर आधी ती जागा पांढरी पडते आणि बधिर होते; भाजल्याचं नंतर कळतं. म्हणजे वेदनेनं तळमळणाऱ्या माणसाला क्षणभर खरोखरच हलकं वाटू शकतं. फसव्या औषधात असं काहीतरी लागतंच. बाकी काम आशा करते.

डॉक्टरांची संघटना त्याच्या मागं लागली. तिच्या नियतकालिकाचे संपादक मॉरिस फिशबाइन यांनी त्याला उघड भोंदू म्हटलं. बेकरनं अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि १९३२मध्ये तो हरला. त्याआधीच्या वर्षी रेडिओचं लायसन्स गेलं होतं. तो सीमेपलीकडं मेक्सिकोत गेला आणि तिथून आणखी शक्तिशाली स्टेशन लावून पुन्हा अमेरिकेला ऐकू येऊ लागला. परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल आयोवात शिक्षा झाली. ती भोगून तो १९३७मध्ये युरेका स्प्रिंग्जला आला. रोगी ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या आशेनं येत होते, ते गाव त्यानं निवडलं. यात योगायोग काही नाही. जिथं रोगी गोळा होतात तिथं रोग्यांचे व्यापारी येतातच, आणि हे मिरजेच्या माणसाला शिकवावं लागत नाही. त्याच वर्षी अमेरिकन सरकारनं कॅन्सर संशोधनाची राष्ट्रीय संस्था स्थापन करण्याचा कायदा केला. म्हणजे रोग समजून घ्यायला नुकती सुरुवात होत होती, आणि इकडं बेकर तो बरा करून मोकळा झाला होता.

त्याला जांभळ्या रंगाचं वेड. जांभळा सूट, जांभळी गाडी, हॉटेलच्या आतही जांभळा रंग. इथं आजारी माणसं बरी होतात, अशी त्याच्या हॉस्पिटलची जाहिरात. शस्त्रक्रिया नाही, क्ष-किरण नाही, रेडियम नाही, फक्त इंजेक्शनं. त्या काळी कॅन्सरला खरे उपाय हेच तीन, आणि तिन्हींची धास्ती. कापण्याच्या भीतीनं गर्भगळित झालेल्या माणसाला ‘कापणार नाही’ हे शब्द किती गोड लागत असतील! माणसं साठवलेला पैसा घेऊन आली. ज्यांची गाठ वेळेत काढली असती तर वाचली असती, त्यांचे आठवडे आणि महिने इथं सज्जात बसून गेले. आणि वेळ ही कॅन्सरमधली सर्वांत महाग चीज.

शेवटी त्याला पकडलं पोस्टखात्यानं. जाहिरातीची पत्रकं तो टपालानं पाठवायचा, म्हणून गुन्हा टपालातून फसवणुकीचा. १९३९मध्ये अटक झाली, १९४०मध्ये लिटल रॉकच्या कोर्टात तो दोषी ठरला. चार वर्षांची कैद आणि चार हजार डॉलर दंड. मेलेल्या माणसांचा खटला नव्हताच, खटला पाकिटांचा. तुरुंगातून १९४४मध्ये सुटला, फ्लोरिडात आरामात राहिला, १९५८मध्ये गेला.

शवागार म्हणजे तळघरातली एक ओबडधोबड खोली. शवविच्छेदनाचं टेबल, आत शिरता येईल एवढी शीतखोली. गाईड एका टप्प्यावर दिवे घालवतो, किंचाळ्या होतात, मग पुन्हा दिवे लागतात. २००५मध्ये भुतं शोधणाऱ्या एका टीव्ही कार्यक्रमाच्या कॅमेऱ्यात तळघरात उष्णतेनं उमटलेली मानवी आकृती दिसली होती; ती गोष्ट इथं चवीनं सांगतात. माझं लक्ष मात्र कपाटातल्या बाटल्यांकडं गेलं होतं.

या बाटल्यांची कथा हॉटेलातल्या कुठल्याही भुतापेक्षा सरस आहे. बेकरनं काढलेल्या गाठी बाटल्यांत भरून कुठंतरी लपवल्यात, अशी बोलवा गावात वर्षानुवर्षं होती. लोक ती भुतांच्या खात्यात जमा करायचे. २०१९च्या सुरुवातीला हॉटेलच्या आवारात जमीन खणताना माळीकाम पाहणाऱ्या माणसाला काच लागली. मग राज्याचे पुरातत्त्व अभ्यासक आले, त्यांनी रीतसर उत्खनन केलं आणि बेकरच्या हॉस्पिटलचा उकिरडाच सापडला: शेकडो बाटल्या, काहींत औषधं, आणि काहींत द्रवात बुडवलेले मांसाचे तुकडे. बेकरच्या जाहिरातींच्या फोटोत अशाच बाटल्या मांडलेल्या दिसतात. ‘आम्ही काढलेल्या गाठी पाहा’ हा त्याचा पुरावा होता.

मी चष्मा लावून जवळ गेले. द्रव चहाच्या पातळ पाण्यासारखा पिवळट झालेला, तळाशी गढूळ थर. आतला तुकडा आकसलेला, रंग उडून करडा पडलेला. अल्कोहोलमध्ये ठेवलं की असंच होतं, पाणी शोषलं जाऊन ऊती चिवट होते. तपासणीसाठी ठेवायचं तर फॉर्मालिन हवं, बाटलीवर नाव, वय, तारीख, कुठल्या अवयवाचा तुकडा ते हवं. मिरजेत ऑपरेशननंतर नातेवाइकांच्या हातात लॅबला न्यायला अशी बरणी देतात, तिच्यावर पट्टी नसेल तर लॅबवाला ती परत पाठवतो. मी पाहिली त्या बाटलीवर चिठ्ठी नव्हती. ती तपासायला ठेवलेलीच नसावी. ती दाखवायला होती.

टूरवर माझा आक्षेप एवढाच आहे. थिओडोराला किल्ल्या चाचपडायला लावलं की ती गोड भूत होते आणि तिला इथं आणणारा माणूस एक विक्षिप्त पात्र होऊन बसतो, जांभळ्या सुटातला. लोक त्याच्या चित्रापुढं सेल्फी काढतात. पण हेही खरं, की भुतांच्या लोभानं लोक आले नसते, तर बेकर कोण हे कुणी ऐकलंही नसतं. कॅन्सरच्या भोंदूगिरीवर व्याख्यान ठेवलं असतं तर तळघरात मी आणि लेक, दोघीच.

आपल्याकडं १९५४चा कायदा आहे, औषधं आणि चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा. कॅन्सर, मधुमेह अशा रोगांच्या यादीतल्या कुठल्याही रोगावर इलाजाची जाहिरात करायची त्यात मनाई आहे. बेकर भारतात असता तर पहिल्या पत्रकालाच गुन्हा ठरला असता. कायदा चांगला आहे. तरी दुकानात लोक माझ्यासमोर मोबाइल धरून विचारतच असतात, ‘वहिनी, हे मिळेल का, केमोची गरज राहत नाही म्हणे.’ खाली बरे झालेल्यांचे फोटो. वर डॉक्टरांना शिव्या. मधे ॲल्युमिनियमच्या भांड्यांबद्दल चार ओळी असतातच. रेडिओ गेला, पटकथा राहिली.

जायचं झालं तर जरूर जा. मुलांना न्या, गोष्टी रंगवून सांगतात. उन्हाळा असेल तर जेवून, पाणी पिऊन जा. तळघरात गेल्यावर दिवे घालवायच्या आधी बाटल्या बघून घ्या, आणि टूर संपल्यावर गाईडला बेकरबद्दल विचारा. आमच्या गाईडला बरंच ठाऊक होतं आणि तेव्हा त्याचा आवाजही साधा झाला होता.

परतताना गाडीत नातीनं भुतांबद्दल एक अक्षर काढलं नाही. तिनं विचारलं, “आज्जी, तो खोटा आहे हे त्या लोकांना कुणी सांगितलंच नाही?”

“सांगितलं होतं की. डॉक्टरांनी छापलं होतं, कोर्टात तो हरला होता.”

“मग तरी का आले?”

“कारण खरा डॉक्टर ‘बघू या’ म्हणत होता,” मी म्हटलं, “आणि बेकर ‘नक्की’ म्हणत होता.”